रविवारी संध्याकाळी पोटात गोळा का येतो?

(आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलले तसंच ठेवलंय, फक्त ‘अं...’ आणि ‘म्हणजे’ जरा कमी केलेत.)

कसे आहात? ‘मजेत’ म्हणून मोकळे होऊ नका, आजचा विषयच तो आहे.

रविवारी दुपारी मस्त जेवण होतं, डोळा लागतो, साडेपाचला जाग येते आणि पोटात गोळा. कोणी ओरडलेलं नसतं, काही बिघडलेलं नसतं. फक्त उद्या सोमवार असतो. मग रात्री एकपर्यंत आपण रील्स बघत बसतो, कारण झोपलं की लगेच सकाळ होणार ना!

यावर तुमचे भरपूर मेसेज आले. त्यातला एक वाचून दाखवते. मुलगी हिंजवडीला सपोर्टमध्ये आहे, रोटेशनल शिफ्ट. ती लिहिते, “ताई, दुसऱ्या कुणाच्या फोनवर जरी ऑफिसच्या चॅटचा तो टिंग आवाज आला तरी छातीत धस्स होतं. चार दिवस कोकणात जाऊन आले. परत आल्यावर दोन दिवसांत जैसे थे. घरी सांगितलं तर आई म्हणते, एसीत बसून काम करतेस, बाबांनी बघ तीस वर्षं एसटीत काढली. माझ्यातच काही कमी आहे का?”

या शेवटच्या प्रश्नासाठीच हा भाग करतेय.

‘बर्नआउट’ हा शब्द मानसशास्त्रात आणला हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी, १९७४ साली. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात ते काम करायचे. तिथे त्यांना दिसलं की स्वतःहून, जीव ओतून काम करायला आलेली माणसंच काही महिन्यांनी विझल्यासारखी होतायत. लक्षात घ्या, कामचुकार नाही, जीव ओतणारी. ते स्वतःही त्यातून गेले होते. तेव्हा ‘आजकालच्या पोरांना सहनच होत नाही’ हे वाक्य जरा बाजूला ठेवू. ही गोष्ट पन्नास वर्षं जुनी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तिच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, बर्नआउटची व्याख्या दिली. गंमत म्हणजे त्याला आजार म्हटलेलंच नाही. म्हटलंय, कामाशी जोडलेली अवस्था: कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ राहिला आणि तो नीट हाताळला गेला नाही, त्यातून येणारी. तिच्या तीन खुणा. अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं. कामाबद्दल मन उठणं, तिरकस बोलणं, ‘मरू दे, आपल्याला काय’ असं होणं. आणि आपण करतोय त्याला काही अर्थ नाही, आपल्याला जमत नाही असं वाटू लागणं. नुसता थकवा असेल तर तो झोपेने जातो. हे तिन्ही एकत्र, महिनोन्‌महिने असेल तर मामला वेगळा.

आता कोकणचं बघू. सुट्टीने फरक पडतो का? पडतो. पण टिकत नाही. इस्रायलमध्ये ऑफिसात काम करणाऱ्या लोकांवर एक अभ्यास झाला होता, १९९७ साली छापून आला. सुट्टीत त्यांचा बर्नआउट खरंच कमी झाला आणि कामावर परतल्यावर तीन आठवड्यांत पुन्हा होता तिथे आला. साहजिक आहे. बूट चावत असेल तर रविवारी तो काढून ठेवल्याने बरं वाटणारच, पण सोमवारी तोच बूट घालायचाय. म्हणून ऑफिसात जेव्हा ‘वेलनेस वीक’ येतो, एक झुम्बाचं सेशन, एक ध्यानाचं ॲप, तेव्हा मला खरं सांगू, चीड येते. झुम्बा वाईट नाही हो. पण बूट कुठे चावतोय हे कोणी विचारतच नाही.

क्रिस्टिना मास्लाक या संशोधिकेने आयुष्यभर बर्नआउटवर काम केलं. तिने आणि मायकल लायटर यांनी सहा जागा सांगितल्यात जिथे माणूस आणि त्याचं काम यांचं जुळत नाही: कामाचा बोजा, हातातलं नियंत्रण, केल्याचा मोबदला आणि कौतुक, सोबतची माणसं, न्याय आणि मूल्यं. आपण नेहमी पहिलीच धरतो. ‘काम फार आहे.’ पण कधीकधी काम तेवढंच असतं आणि टोचत वेगळंच असतं.

त्या मुलीचा पूर्ण मेसेज वाचा. पुढच्या आठवड्याचं रोस्टर शुक्रवारी रात्री येतं. डॉक्टरची अपॉइंटमेंट घेता येत नाही, मैत्रिणीच्या साखरपुड्याला हो म्हणता येत नाही. तासांबद्दल तिने कुठेही तक्रार केलेली नाही! तिला टोचतंय ते नियंत्रण नसणं. आणि थोडा न्यायही, कारण नाइट शिफ्ट फिरून-फिरून त्याच तिघांना येते. हे कळलं की मागणी बदलते. ‘सर, खूप स्ट्रेस आहे’ म्हटलं की सर म्हणणार, ‘अगं, सगळ्यांनाच आहे, दोन दिवस सुट्टी घे.’ त्याऐवजी ‘रोस्टर दहा दिवस आधी मिळेल का, आणि नाइट सगळ्यांत फिरवता येईल का?’ हे बोलून बघा, आणि मग ईमेलवरही टाका. याला हो किंवा नाही असं उत्तर द्यावं लागतं. नाही आलं तरी तुम्हाला काहीतरी कळलेलं असतं.

तुमची जागा कोणती हे ओळखायला एक साधी गोष्ट करा. दोन आठवडे फोनच्या नोट्समध्ये, धस्स झालं की तिथल्या तिथे एक ओळ. ‘मंगळवार, ११.४०, क्लायंट कॉलआधी.’ बस. भावना नको, निबंध नको. कित्येकदा भीती ‘नोकरीची’ वाटते आणि निघते एका माणसाची, किंवा एका मीटिंगची.

राजीनामा? मला भाषण द्यायचं नाहीये. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड, ईएमआय, घरी पाठवायचे पैसे, हे सगळं असताना ‘सोड नोकरी, स्वप्नामागे जा’ सांगणारे रील्सवाले मला बेजबाबदार वाटतात. सहापैकी एक-दोन जागा बोलून सुधारतात. पण न्याय आणि मूल्यं यांतच गडबड असेल, उदाहरणार्थ रोज ग्राहकाशी खोटं बोलायला लागत असेल, तर ते ईमेलने सुटत नाही. तिथे शांतपणे सीव्ही अपडेट करा, चार महिन्यांचा खर्च बाजूला काढायला लागा. दार दिसलं की श्वास जरा मोकळा होतो.

आणि तो टिंग. फ्रान्समध्ये २०१७ पासून ‘कामानंतर संपर्क न ठेवण्याचा हक्क’ कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत असं खासगी विधेयक मांडलं होतं, कायदा झाला नाही. तोवर निदान ऑफिसच्या चॅटचा आवाज वेगळा ठेवा आणि शिफ्ट संपली की तो बंद. ऑन-कॉल असाल तर फोन वाजेलच की.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. बर्नआउट कामाला चिकटलेला असतो. पण आवडत्या माणसांतही मन लागत नसेल, भूक-झोप बिघडली असेल, ‘नसतोच तर बरं’ असे विचार येत असतील, तर रोस्टर बदलायची वाट बघू नका. डॉक्टरांकडे जा. किंवा टेली-मानसला फोन करा, १४४१६. सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

हिंजवडीवाली, तुझ्या आईला सांग, बाबांच्या एसटीला निदान ठरलेलं वेळापत्रक होतं. आणि रोस्टरचं काय झालं ते कळव.