ओल नेमकी येते कुठून?

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात एका सभासदाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



१ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला आणि पाठोपाठ आपली सोसायटी उभी राहिली. पंचवीस वर्षांत आपण कशावरून भांडलो? पाणी, पार्किंग आणि ओल. पहिल्या दोन्हींवर बरेच बोलून झाले. मी ओलीवर बोलतो, कारण त्यात माझीच चूक आहे.

माझ्या बेडरूमच्या कोपऱ्यात काळे डाग पडले. कुबट वास यायचा, नातवाचा खोकला हटेना. वरच्या दादांचं बाथरूम गळतंय, असं मी ठरवूनच टाकलं. अर्ज दिला. त्या बिचाऱ्यांनी फरशी उखडून वॉटरप्रूफिंग करून घेतलं. डाग गेले नाहीत, बोलणं मात्र गेलं. चार वर्षं आमच्या घरचा फराळ वरच्या मजल्यावर गेला नाही.

मग एका जाणत्या गवंड्याने साधी युक्ती सांगितली. डागाजवळच्या कोरड्या भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावा, दोन दिवसांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला दिसलं तर ती घरातलीच वाफ. माझ्या प्लॅस्टिकवर पाणी खोलीच्या बाजूला होतं!

ही वाफ येते कुठून? अंघोळ, स्वयंपाक, घरात वाळत घातलेले कपडे, आपला श्वास. शिवाय गॅस जळतो तेव्हाही पाणी तयार होतं. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत साधारण २२ लिटर पाणी वाफ होऊन घरात येतं. वाट मिळाली नाही की ही वाफ थंड भिंतीवर, कपाटामागे जाऊन बसते.

आपल्या जुन्या माळवदाच्या घरांना वर साणं असायचं. धूर आणि वाफ तिथून निघून जायची. फ्लॅटमध्ये त्याच कामाला व्हेंटिलेटर दिलेला होता. मी एसी बसवताना त्यावर प्लायवूड ठोकलं, बाल्कनीला काचा लावल्या आणि कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवलं. हळद उकडली की आपण ती अंगणात पसरतो, ओली पोत्यात भरत नाही. घराचं मात्र मी पोतं केलं होतं.

आता उपाय. आधी बंद केलेलं उघडा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या. मग एक्झॉस्ट पंखा. समजा बाथरूम सहा बाय पाच, उंची दहा फूट. म्हणजे साडेआठ घनमीटर. तासाला दहा वेळा हवा बदलायची तर तासाला ८५ घनमीटर हवा ओढणारा पंखा हवा. हा आकडा खोक्यावर असतो, तो वाचून घ्या. पंखा वर, दारापासून लांब लावा आणि दाराखाली अर्धा-पाऊण इंच फट ठेवा. हवा आत आलीच नाही तर पंखा बाहेर काय टाकणार? अंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. ४० वॅटचा पंखा रोज तासभर चालला तरी महिन्याला सव्वा युनिटच होतं.

स्वयंपाकघरात बाहेर पाईप नसलेली चिमणी तेलकटपणा अडवते, वाफ पुन्हा घरातच सोडते. तिच्या जोडीला पंखा हवाच. भर पावसात बाहेरची हवाही दमट असते, तेव्हा उघडीप मिळाली की खिडक्या समोरासमोर उघडा. हवा कोरडी करणारी मशीन्स मिळतात. पण ती बंद खोलीसाठी, आणि त्यांना वीजही जास्त लागते. आधी वाट मोकळी करा, मग खर्चाचं बघा.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. गॅस गीझर बाथरूमच्या आत नकोच, पंखा असला तरी नको. त्यातून विषारी वायू तयार होऊ शकतो. त्याला वास नसतो, माणूस झोपल्यासारखा जातो.

शेवटी सोसायटीसाठी एक सूचना. कबुतरं नकोत म्हणून आपण डक्टचं तोंड गच्चीवर पत्र्याने पूर्ण बंद केलंय. सगळ्यांचे पंखे त्याच डक्टमध्ये सोडायचे असतील तर तो पत्रा फूटभर उचलून खाली जाळी लावू या. प्रत्येकाने आपल्या पंख्याला झडपही बसवावी, म्हणजे खालच्यांची फोडणी वरच्यांच्या न्हाणीत जाणार नाही. पुढच्या सभेत हा ठराव मी मांडतो. अनुमोदन द्यायला वरचे दादा तयार आहेत.

हो, मी वर जाऊन माफी मागितली. त्यांनी आधी चहा दिला, मग म्हणाले, "फरशीचं बिल दाखवू का?" सगळे हसलो. या दिवाळीला फराळाचं पहिलं ताट वरच गेलं.