उच्चपदस्थांची वाणी आणि आपण

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात कांजूरमार्ग येथे केलेले भाषण)



आज गुणी विद्यार्थ्यांच्या सत्काराचा दिवस आहे. तेव्हा एका निवृत्त शिक्षकाने अभ्यास, शिस्त आणि सवयी यांवर चार शब्द बोलावेत अशी कार्यवाहांची अपेक्षा असणार. त्यांनी तसे स्पष्ट म्हटले नाही, एवढाच आधार घेऊन आम्ही निराळा विषय निवडला आहे. राज्याच्या उच्च पदांवर बसलेली माणसे जाहीर सभांतून जे बोलतात, त्याने तुमच्या-आमच्या घरांत काय घडते, हा तो विषय. विद्यार्थ्यांशी त्याचा संबंध कसा, ते पुढे येईलच.

दिनांक २९ जुलै २०२२ रोजी आपल्या उपनगरातच, अंधेरी येथे, एका चौकाच्या नामकरणाचा समारंभ झाला. राज्याचे तत्कालीन राज्यपाल श्री. भगतसिंह कोश्यारी तेथे प्रमुख पाहुणे होते. त्यांच्या बोलण्याचा आशय असा की, मुंबई-ठाण्यातून गुजराती आणि राजस्थानी मंडळींना काढले, तर येथे पैसाच उरणार नाही आणि मुंबईला देशाची आर्थिक राजधानी म्हणवून घेता येणार नाही. दुसऱ्या दिवशी खुलासा आला. मुख्यमंत्री व उपमुख्यमंत्री या दोघांनीही आपण या मताशी सहमत नसल्याचे सांगितले, आणि १ ऑगस्ट रोजी राज्यपालांनी लेखी निवेदन काढून क्षमा मागितली. क्षमा मागितली हे चांगलेच झाले. पुढे नोव्हेंबरमध्ये छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या त्यांच्या उद्गारांवरून पुन्हा वादळ उठले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते त्या पदावरून गेले. व्यक्तीची गोष्ट तेथे संपली, व आम्हांलाही ती उकरून काढावयाची नाही. गोष्ट पदाची आहे.

आपल्या संविधानाच्या १५९ व्या अनुच्छेदात राज्यपालाने घ्यावयाची शपथ दिली आहे. संविधानाचे रक्षण करीन, एवढ्यावर ती थांबत नाही. त्या राज्यातील जनतेच्या सेवेस आणि कल्याणास वाहून घेईन, असेही तीत आहे. जनता म्हणजे सगळी जनता. तीत मराठी आले, तसे गुजरातीही आले, राजस्थानीही आले. म्हणून असल्या भाषणाने मराठी माणसाचा अपमान झाला एवढेच म्हणणे आम्हांला अपुरे वाटते. ज्यांची स्तुती झाली, त्यांचेही त्यात अकल्याणच झाले. त्या बिचाऱ्यांनी काही मागितले नव्हते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाची फळी उघडताना समोरच्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत काय असेल, याची धास्ती मात्र त्यांच्या पदरी आली.

आम्ही आयुष्यभर मुलांना अंकगणित शिकविले. त्यामुळे हे विधान वाचताच प्रथम आमच्या मनात आले, ते हे की ही वजाबाकी आहे, आणि ती मुळातच चुकीची मांडलेली आहे. मुंबईतून अमुक काढा, मग काय उरते ते पाहा, असे म्हणणाऱ्याला उत्तर नेहमी हवे तेच मिळते. कारण या शहरातून तुम्ही कोणालाही काढा, शहर उभे राहत नाही. ही केवळ कल्पना नव्हे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि यंत्रांपासून मराठी हात एकदम वजा झाले. त्या वेळी आम्ही नुकतेच शिक्षकी पेशात आलो होतो. वर्गातील मुले एकेक करून दाखले घेऊन कोकणात, घाटावर जात होती. हजेरीपटावर लाल शाईच्या रेघा वाढत होत्या. गिरण्यांचा तो धंदा पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिलाच नाही. मग २०२० च्या मे महिन्यात, महामारीच्या दिवसांत, उत्तरेकडील मजूर डोक्यावर बोचकी घेऊन आग्रा रोडने चालत निघाले, आणि अर्धवट बांधलेल्या इमारती तशाच उभ्या राहिल्या. भांडवल वजा करा, शहर बसते; श्रम वजा करा, तरीही बसते. जे विधान सर्वांविषयी सारखेच खरे असते, ते एकाविषयीच उच्चारले, की ते हिशेब राहत नाही, टोमणा होतो.

मुंबई कोणी घडविली, हे तिच्या जुन्या इतिहासातच पाहावे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, ती याच आपल्या कांजूरच्या शिवेतून गेली. ती व्हावी म्हणून खटपट करणाऱ्यांत नाना शंकरशेट होते आणि सर जमशेटजी जीजीभाईही होते. एक मराठी, एक पारशी. पहिल्या कापडगिरणीची मुहूर्तमेढ १८५४ साली कावसजी दावर यांनी रोवली. राजाबाई मनोऱ्याला पैसा सुरतेकडच्या प्रेमचंद रायचंद यांनी दिला आणि नाव आपल्या आईचे दिले. ससून गोदी बांधणारे घराणे बगदादहून आलेले. आणि त्या गिरण्यांतील कामगारांना आठवड्यातून एक दिवस, रविवारी, श्वास घेता यावा म्हणून झगडणारे नारायण मेघाजी लोखंडे आपले ठाण्याचे. ती सुट्टी १८९० साली मिळाली. यांतून कोणाला वजा करणार?

एवढ्या लांब जाण्याचेही कारण नाही. आपले कांजूरमार्गचे स्थानक १९६८ साली झाले, ते आजूबाजूस कारखाने वाढले म्हणून. लालबहादूर शास्त्री मार्गावर कांजूर, भांडुप, विक्रोळीकडे जे कारखाने होते, त्यांच्या फाटकांतून पाळी सुटल्यावर बाहेर पडणारी गर्दी आपल्यापैकी अनेक वडीलधाऱ्यांना आठवत असेल. मालक गुजराती वा पारशी, फिटर आणि टर्नर रत्नागिरी-साताऱ्याचे, कचेरीत टंकलेखन करणारा मल्याळी, ओतशाळेत उत्तर प्रदेशचा भय्या, माल नेणारा ट्रकवाला पंजाबी. पूर्वेकडे मिठागरे, आणि त्यांत उन्हातान्हात राबणारी माणसे तर या सर्वांच्या आधीपासूनची. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घरांची चूल याच कारखान्यांवर पेटली. आज त्यांपैकी बऱ्याच जागी उंच इमारती आणि मॉल उभे आहेत, ती हकीकत वेगळी.

उच्चपदस्थांच्या असल्या बोलण्याची किंमत महाराष्ट्राने एकदा फार जबर चुकविली आहे. २० नोव्हेंबर १९५५ रोजी चौपाटीवर सभा झाली. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि मुंबई प्रदेश काँग्रेसचे स. का. पाटील तेथे बोलले. काँग्रेस जिवंत आहे तोवर मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, असा एकाचा सूर; आणखी पाच हजार वर्षे मिळणार नाही, असा दुसऱ्याचा. लोकांनी ती सभा उधळली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला आणि पंधरा माणसे गेली. आंदोलन संपेपर्यंत तो आकडा शंभरावर गेला. आज त्या जागेला आपण हुतात्मा चौक म्हणतो. मतभेद तर आधीपासून होताच, आणि तो न्याय्य मार्गाने सुटलाही असता. पण आशा तोडणारे शब्द वरून आले, की माणसे मत सोडून मान राखण्यासाठी लढू लागतात. आणि एक गोष्ट विसरू नये. पाटील हे काही परके नव्हते, आपल्याच कोकणातले होते. तेव्हा तोडणारी वाणी नेहमी परप्रांतीयाचीच असते, हा समज खरा नाही.

आता घरची एक हकीकत सांगतो. २०२२ च्या त्या प्रकरणानंतर आपल्या स्मरणिकेसाठी जाहिराती गोळा करण्याचे काम निघाले. आपल्या काही तरुण सभासदांनी बैठकीत सूचना मांडली की, यंदा गुजराती व मारवाडी दुकानदारांच्या जाहिराती घेऊ नयेत. आपल्याला त्यांच्या पैशाची गरज नाही हे दाखवावे. मुले रागावली होती आणि तो राग आम्हांला समजत होता. चर्चा तासभर चालली, सूचना मताला टाकण्याची वेळ आली नाही, ती तशीच मागे पडली. परंतु बातमीला पाय फुटतात. दोन दिवसांनी स्थानकाजवळचे एक किराणा दुकानदार, ज्यांची जाहिरात आपल्या स्मरणिकेत वर्षानुवर्षे येत आहे, ते स्वतः आमच्या घरी आले. एरवी आपली माणसे त्यांच्याकडे जातात. पाकीट हातात धरून ते उभेच राहिले आणि हळूच म्हणाले, “मास्तर, यंदा आमची जाहिरात घेणार ना?” त्यांचा जन्म येथला, त्यांची मुले मराठी शाळेत शिकलेली. आम्ही त्यांना बसविले, चहा दिला आणि पावती फाडली. पण तो प्रश्न त्यांना विचारावा लागला, हे आमच्या मनातून अद्याप गेलेले नाही. राजभवनातून क्षमापत्र निघाले होते खरे. मात्र ते आमच्या जिन्यापर्यंत पोहोचले नव्हते.

येथे थोडे स्पष्ट बोलतो, वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. अंधेरीच्या त्या समारंभात पाहुण्याने यजमानांची स्तुती केली. एवढ्यापुरते ते रीतीचेच होते. आपल्या व्यासपीठावर काय होते? इतक्या वर्षांत आम्ही जितके प्रमुख पाहुणे ऐकले, आमदार, नगरसेवक, मोठे अधिकारी, त्या बहुतेकांनी आपली ज्ञाती हा महाराष्ट्राचा कणा असल्याचे सांगितले आणि आपण टाळ्या वाजविल्या. तेच पाहुणे पुढच्या रविवारी दुसऱ्या ज्ञातीच्या संमेलनात तेच सांगतात. महाराष्ट्राला एकूण कणे तरी किती आहेत, असा प्रश्न एखाद्या चुणचुणीत विद्यार्थ्याने विचारला, तर आम्हांला उत्तर देता येणार नाही. या टाळ्यांची चटक पाहुण्यांना आपणच लावतो. स्तुतीची एक पायरी वर चढण्यासाठी दुसऱ्याला एक पायरी खाली उतरविले की टाळी मोठी पडते, हे त्यांना अनुभवाने कळलेले असते.

आता विद्यार्थ्यांकडे येतो. वरून येणाऱ्या भाषणांत आणखी एक प्रकार असतो, आणि आमच्या मते तो अधिक घातक आहे. मराठी मुलाला धंदा जमत नाही, त्याला नोकरीच हवी, त्याच्याने काही होणार नाही, असे उसासे टाकणारे अधिकारी आणि पुढारी आम्ही पुष्कळ ऐकले. पुष्कळदा ते आपुलकीने बोलतात, हीच खरी अडचण. वर्गात मुलाला तीन वेळा ‘तू ढ आहेस’ म्हटले, की चौथ्या वेळी तो उत्तर येत असूनही हात वर करीत नाही. हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. ज्याच्या हाती कर्जाच्या योजना, औद्योगिक वसाहतींतील गाळे आणि परवाने आहेत, त्याने उसासे टाकण्याऐवजी अर्ज कोठे अडतो ते सांगावे. आपल्यातीलच काही तरुणांनी भांडुपला छोटे यंत्रशाळेचे गाळे चालविले आहेत. त्यांचा एकही कागद उसाशाने पुढे सरकला नाही.

मोठ्या पदावरील माणसाने मग कटू बोलूच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. चिंतामणराव देशमुखांचे उदाहरण घ्या. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे केंद्राचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा घाट त्यांना मान्य नव्हता, तेव्हा १९५६ साली त्यांनी मंत्रिपद सोडले आणि लोकसभेत पंतप्रधानांच्या तोंडावर कडक शब्दांत सुनावले. पण ते सरकारच्या निर्णयाविरुद्ध बोलले, शेजारी राहणाऱ्या कोणा जमातीविरुद्ध नव्हे. आणि त्यासाठी त्यांनी आधी खुर्ची सोडली. तसेच यशवंतराव चव्हाणांचे. १९६० साली नवे राज्य होऊ घातले असता सांगलीस ग. त्र्यं. माडखोलकरांनी त्यांना उघड प्रश्न केला, की हे राज्य मराठी होणार की मराठा? प्रश्न अडचणीचा होता, कारण यशवंतराव स्वतः त्याच मोठ्या समाजातले. ते राज्य मराठी माणसांचे होईल, असे उत्तर त्यांनी दिले. मुंबईतील अमराठी नागरिकांनाही शहराचे बहुभाषिक स्वरूप राखले जाईल असा शब्द त्यांनी दिला. पाच वर्षांपूर्वी चौपाटीवर जे फाटले होते, त्याला असे टाके घालावे लागले.

आम्ही कार्यकारी मंडळापुढे एक लहानशी सूचना ठेवतो. पुढील वर्षी प्रमुख पाहुण्यांना आमंत्रणपत्र पाठवाल, तेव्हा त्यात दोन ओळी अधिक घालाव्यात: आमच्या ज्ञातीची स्तुती केली नाही तरी चालेल, परंतु आमच्या शेजाऱ्यांशी तुलना करू नये, आणि शक्य झाल्यास आपल्या खात्याच्या एखाद्या योजनेची माहिती द्यावी, म्हणजे मुलांना उपयोग होईल. एखादे पाहुणे कदाचित या ओळी वाचून यावयाचे नाहीत. त्याची तयारी ठेवावी. कार्यवाहांनी मसुदा केला, तर शुद्धलेखन आम्ही तपासून देऊ.