एकोणीस एकांची संख्या

कागदावर ओळीने एकोणीस वेळा १ लिहा. तयार झालेली संख्या मूळ आहे. १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. मला ती फार आवडते.

अकरा मूळ आहे. १११ मात्र नाही: ३ गुणिले ३७. पाच एकांची ११,१११ म्हणजे ४१ गुणिले २७१. सहा एक मांडले तर दोन-दोनच्या जोड्या पडतात, म्हणून ११ ने भाग जातोच. एकांचा आकडाच मूळ नसेल, तर संख्याही मूळ नसते. तो मूळ असूनही पुष्कळदा निराशाच होते. एकोणीसनंतर तेवीस, मग थेट ३१७!

याच एकांच्या वर्गांत देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर रमले. १११ चा वर्ग १२,३२१, चढतो, उतरतो. अशा संख्यांना त्यांनी 'डेमलो' म्हटलं, रेल्वे स्थानकाच्या नावावरून. कल्पना तिथंच सुचली होती. संगणक नाही, पदव्युत्तर पदवी नाही. ६१७४ हा जगप्रसिद्ध स्थिरांकही त्यांचाच.

आज सातवी-आठवीतल्या मुलांना सात एकांची संख्या द्या. उत्तर २३९ गुणिले ४,६४९. शोधू द्या त्यांना.