बहुमजली घर आणि बिनतारी लहरी

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यांत हट्टा हें गांव आहे. तेथें जुन्या काळची पायऱ्यांची एक बारव आहे. बारवेचा व्यवहार सर्वांस ठाऊक आहे. पाणी तळाशीं असावयाचें. ज्याला तें हवें असेल त्यानें पायऱ्या उतराव्या, घागर भरावी आणि पुन्हां वर चढावें. पाणी माणसाकडे येत नसे, माणूस पाण्याकडे जात असे. पुढें नळ आले आणि हा क्रम उलटला. घर बांधणारा मनुष्य आतां स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि गच्ची येथपर्यंत नळ कसा जाईल ह्याचा विचार भिंती उठण्यापूर्वींच करतो. परंतु त्याच घरांत एक नवी बारव मात्र नकळत तयार होते. ही हकीकत त्या नव्या बारवेची आहे.

अशा गांवीं रस्त्यालगत नव्यानें उभें राहिलेलें एक तिमजली घर श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावें. तळमजल्यावर दर्शनी दिवाणखाना, त्यामागें स्वयंपाकघर आणि अगदीं शेवटीं आजींची खोली. पहिल्या मजल्यावर मुलगा व सून ह्यांचें बिऱ्हाड. सर्वांत वर, गच्चीला लागून, पत्र्याच्या छपराची एकच खोली. तींत नात बारावीचा अभ्यास करते. प्रकाशतंतूची तार रस्त्यावरून येते, दर्शनी भिंतींतून दिवाणखान्यांत शिरते, आणि तिला जोडलेली राउटरची पेटी दूरचित्रवाणीच्या मागें बसते. जागा अशी कां ठरली, तर तार तेथें पोंचली म्हणून. दुसरें कारण नाहीं.

परिणाम असा होतो कीं, दिवाणखान्यांत टेकलेल्या पाहुण्याला चित्रपट अस्खलित दिसतो. नात मात्र शिकवणीचा तास सुरू झाला कीं वही घेऊन जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन बसते. पुण्याच्या मुलाला आजींचे शब्द तुटक ऐकूं येतात. ‘आई, जरा पुढच्या खोलींत येऊन बोल,’ असें तो दर वेळीं म्हणतो, आणि गुडघे धरलेल्या आजी भिंतीच्या आधारानें पुढें येतात. ई-संजीवनीवर डॉक्टरांशीं बोलतांना नेमकें औषधाचें नांव गळतें. घरांत वायफाय आहे, त्याचा मासिक आकारही वेळेवर भरला जातो; पण ज्यांना त्याची गरज अधिक, त्यांनाच पायऱ्या चढाव्या-उतराव्या लागतात.

ह्याचें कारण समजण्यास लहरींचा स्वभाव थोडा जाणून घेतला पाहिजे. १८९५ सालीं कलकत्त्यास आचार्य जगदीशचंद्र बोस ह्यांनीं अदृश्य विद्युत्-लहरी भिंतींपार पाठवून दूरवर घंटा वाजवून दाखविली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखविली. लहरी भिंत ओलांडतात हें तेव्हांच लोकांच्या नजरेस आलें. मात्र प्रत्येक भिंत ही एक जकातनाका आहे. ती आपला हिस्सा घेतल्याविना लहरीला पुढें सोडीत नाहीं. नभोवाणीच्या मध्यम लहरींची लांबी दोनशें मीटरांपासून पांचशें मीटरांहून अधिकपर्यंत असते. एवढ्या लांब लहरीला एखादें घर म्हणजे वाटेंतील खडा. वायफायची लहर इवलीशी असते: २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत सुमारें साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे हाताच्या वितीहून कमी. आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत जेमतेम पांच-सहा सेंटिमीटर. तिला प्रत्येक विटेचा, सळईचा आणि कपाटाचा हिशेब द्यावा लागतो. ह्या दोहोंपैकीं पहिला पट्टा दूर पोंचतो, पण शेजाऱ्यांच्या गर्दीनें भरलेला असतो. दुसरा पुष्कळ अधिक भार वाहतो, पण भिंतीपुढें लवकर थकतो.

एके काळीं नभोवाणीचें यंत्र घरीं ठेवावयाचें तर वार्षिक परवाना काढावा लागे. वायफायचें पहिलें मानक १९९७ सालीं ठरलें. भारत सरकारनें २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ सालीं आणि ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा २०१८ सालीं परवान्यावांचून खुला केला. खुल्या पट्ट्यांतील यंत्रांच्या शक्तीवर कायद्याची मर्यादा आहे, आणि ती असणें योग्यच आहे. कारण प्रत्येकानें आपला आवाज चढविला तर आळींत कोणालाच कांहीं ऐकूं येणार नाहीं. तात्पर्य, शक्ति वाढवून भिंती जिंकण्याचा मार्ग बंद आहे. योजनेचा मार्ग मोकळा आहे.

मराठवाड्यांतील जुना वाडा आणि नवें घर ह्यांची ह्या बाबतींत गंमतीची उलटापालट आहे. जुन्या वाड्याच्या दगडमातीच्या भिंती दोन-दोन हात रुंद. तेथें शेजारच्या खोलींत लहर पोंचविणें कठीण, पण लाकडी तक्तपोशींतून वरच्या माडीवर ती त्या मानानें सुखानें जाते. वर माळवदाचा मातीचा जाड थर असेल तर गोष्ट वेगळी. नव्या घरांत आंतल्या भिंती चार-सहा इंचांच्या, त्या लहरीला फारशा जड नाहींत. परंतु दोन मजल्यांमधला स्लॅब हा सिमेंटचा असून त्यांत लोखंडी सळयांची जाळी असते. शिवाय लहर त्याला तिरपी भेटली तर तिला त्यांतून अधिक लांबचा प्रवास करावा लागतो. म्हणून वाड्यासाठीं आडवा विचार करावा आणि नव्या घरासाठीं उभा.

हा तोटा मोजण्याचें माप डेसिबल हें आहे. दहा डेसिबलांची घट म्हणजे लहरीच्या शक्तीचा दहावा हिस्सा उरला. वीस म्हणजे शंभरावा. मोबाइलवर हें बळ दाखविणारीं साधनें फुकट मिळतात. पेटीजवळ आंकडा उणे ४० च्या आसपास असतो. उणे ६५ पर्यंत चित्रासह संभाषण सुरळीत चालतें, उणे ७५ ला तें अडखळूं लागतें आणि उणे ८० च्या पलीकडे भरंवसा उरत नाहीं. एक स्लॅब दहा ते वीस डेसिबल सहज खातो. वर सांगितलेल्या घरांत मध्यें दोन स्लॅब आहेत. त्यांत अंतराचा तोटा मिळविला म्हणजे उणे ४० ची लहर नातीच्या खोलींत उणे ८० वर कां येते, ह्याचें गणित बाराव्या वर्षाच्या मुलासही सुटेल. उणे ४० पासून उणे ८० म्हणजे दहा हजारांश! पत्र्याचें छप्पर ह्यांत आणखी भर घालतें. पत्रा लहरींना आरशाप्रमाणें परतवितो, म्हणून बाहेरच्या मनोऱ्यावरून येणारी मोबाइलची लहरही त्या खोलींत दुबळी होऊनच शिरते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. वायफाय हें भाषण नसून संभाषण आहे. पेटीचा आवाज वर पोंचला तरी हातांतल्या मोबाइलचें उत्तर खालीं पोंचावयास हवें, आणि मोबाइलचा आवाज पेटीहून बारीक असतो. पडद्यावर लहरींच्या सर्व रेघा भरलेल्या दिसूनही बोलणें तुटतें, त्याचें हें एक कारण आहे.

आतां उपाय. पहिली पायरी मोजणीची. कागदावर प्रत्येक मजल्याचा साधा नकाशा काढावा. घरांतील माणसें ज्या ठिकाणीं खरोखर बसतात, बोलतात, वाचतात, तीं ठिकाणें त्यावर मांडावीं: आजींची खाट, स्वयंपाकघराचा ओटा, नातीचें मेज. प्रत्येक जागीं सकाळीं आणि रात्रीं आंकडा टिपावा. तत्पूर्वीं पेटीला तारेनें संगणक जोडून वेग पाहावा. तेथेंच तो कमी भरला तर दोष घराचा नसून बाहेरच्या जोडणीचा आहे, आणि भिंतींना बोल लावण्यांत अर्थ नाहीं.

दुसरी पायरी जागेची. पेटी कपाटांत, दूरचित्रवाणीमागें, धान्याच्या पत्र्याच्या कोठीशेजारीं किंवा पाण्याच्या टाकीजवळ ठेवूं नये. धातु लहरीला परतवितो आणि पाणी तिला गिळतें. मोठा आरसा आणि शीतकपाट हींही तशींच. तिमजली घरांत पेटीची योग्य जागा बहुधा मधल्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशीं, उंच व उघडी अशी असते. कारण जिना हें स्लॅबमधलें एकमेव भोंक आहे आणि लहर त्या वाटेनें बिनजकात जाते. पेटीच्या कांड्यांभोंवतीं लहर बांगडीसारखी पसरते, कांडीच्या टोकांकडे ती क्षीण असते. सर्व कांड्या उभ्या ठेवल्या तर तोच मजला उजळतो. वरखालीं पोंचावयाचें तर एक कांडी आडवी करून पाहावी. तार कोणत्या मजल्यावर आंत घ्यावयाची हें कारागीर भिंतीला छिद्र पाडण्यापूर्वींच सांगावें. नंतर सांगण्याचा खर्च निराळा पडतो.

तिसरी पायरी तारेची आहे, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. लहर दुबळी पडली कीं लोक बाजारांतून लहर पुढें ढकलणारें यंत्र आणतात व भिंतींतील विजेच्या खटक्यांत खोंचतात. असलें साधें यंत्र ज्या पट्ट्यांत ऐकतें त्याच पट्ट्यांत पुन्हां बोलतें. एकाच वेळीं दोन्ही कामें त्याला साधत नाहींत, म्हणून वेग सुमारें निम्म्यावर येतो. शिवाय तें दुबळ्या जागींच बसविलें तर दुबळी लहरच पुढें जाते. फुटक्या घागरीनें पाणी वाहून नेण्यासारखाच हा प्रकार. खरा उपाय असा कीं, मुख्य पेटीपासून प्रत्येक मजल्यावर एक तार न्यावी आणि तिच्या टोकाला त्या मजल्याची लहान पेटी बसवावी. मग लहरीला स्लॅब ओलांडावाच लागत नाहीं. स्लॅब तार ओलांडते आणि लहर फक्त खोलीभर फिरते. नांव बिनतारीचें, पण तिची सारी भिस्त तारेवर आहे.

ही तार शुद्ध तांब्याची असावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तार घेऊं नये. एका तारेची लांबी शंभर मीटरांच्या आंत असावी, म्हणजे कोणतेंही घर त्यांत सामावतें. विजेच्या तारांच्या नळींतून ती नेऊं नये. तिला वेगळी नळी हवी. बाहेरून नेल्यास मराठवाड्याच्या उन्हानें तिचें आवरण तडकतें आणि पावसाळ्यांत आकाशांतील विजेचें भय असतें. म्हणून ती जिन्याकडेनें आंतूनच घ्यावी. सर्व पेट्यांना एकच नांव व एकच परवलीचा शब्द द्यावा, म्हणजे चालतां-बोलतां मनुष्य एका मजल्यावरून दुसऱ्यावर गेला तरी संभाषण सहसा खंडत नाहीं. २.४ च्या पट्ट्यांत शेजारच्या पेट्यांना १, ६ आणि ११ ह्या निरनिराळ्या वाहिन्या वांटून द्याव्या. ह्या तीन एकमेकींवर चढत नाहींत.

राहिली वीज. प्रकाशतंतूला घरांत विजेची गरज नसते, परंतु त्याच्या टोकाची पेटी विजेवांचून मुकी होते. एक लहानशी बॅटरी तिला कांहीं तास जागी ठेवते. वरच्या पेट्यांना त्याच तारेंतून वीजही नेण्याची सोय आज मिळते. मग खालची एक बॅटरी तिन्ही मजल्यांना पुरते. वळवाच्या पावसांत वीज गेली असतांना आजींना डॉक्टरांशीं बोलावें लागलें, तर ह्या सोयीचें मोल कळतें.

ज्यांचें घर अजून बांधून व्हावयाचें आहे त्यांचें काम सर्वांत सोपें. गिलावा होण्यापूर्वीं प्रत्येक मजल्यावर एक रिकामी नळी भिंतींत सोडून ठेवावी. तिला पडणारा खर्च चार पोतीं सिमेंटाच्या मानानेंही थोडा, आणि ती नसल्याची चुटपुट मात्र घर उभें आहे तोंवर राहते. ज्यांचें घर पुरें झालें आहे त्यांनीं जिन्याच्या कोपऱ्यांतून पांढऱ्या पट्टींत तार न्यावी. चार दिवसांत ती डोळ्यांना दिसेनाशी होते.

ह्या सर्व योजनेचा आरंभ कोठून करावा, एवढेंच शेवटीं सांगावयाचें. सामान्यतः मनुष्य तार जेथें आंत येते तेथून आरंभ करतो आणि उरेल तें मागच्या खोल्यांना देतो. मागच्या खोल्यांत बहुधा घरांतील वृद्ध, स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया आणि अभ्यास करणारीं मुलें असतात. आपली गैरसोय तीं बोलूनही दाखवीत नाहींत, जिन्यावर येऊन बसतात. म्हणून नकाशा उलट बाजूनें वाचावा. आधीं आजींची खाट आणि नातीचें मेज, मग त्यांच्यापर्यंत तार, आणि दिवाणखाना सर्वांत शेवटीं. पाहुण्याचें काम तेवढ्यावर भागतें. ज्या दिवशीं नात आपली वही उचलून जिन्यावरून वर आपल्या मेजाशीं जाईल आणि आजी खाटेवर बसल्याबसल्या पुण्याच्या मुलाशीं दोन शब्द सलग बोलतील, त्या दिवशीं त्या घरांतील बारव बुजली असें समजावें.