बंदी घातलेलं आडनाव

आपण बापाचं नाव स्वतःच्या नावापुढे लावतो आणि मग आडनाव सांगतो. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात बापाचं नावच आडनाव झालं. तिथल्या गेलिक भाषेत ‘मॅक’ म्हणजे मुलगा. मॅकग्रेगर म्हणजे ग्रेगरचा मुलगा. मुलीला शब्द वेगळा, ‘निक’. पूर्वी हे पिढीगणिक बदलायचं. पुढे ते एका मूळपुरुषापाशी थांबलं आणि साऱ्या कुळाचं झालं.

मॅकग्रेगर कुळाची खोरी ग्लेनऑर्की, ग्लेनस्ट्रे, ग्लेनलायन. जमीन यांनी राखली, पण सनद हळूहळू कॅम्पबेल कुळाच्या हाती गेली. वहिवाट एकाची आणि कागद दुसऱ्याचा, हे दुखणं आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. सनद गेलेली माणसं गुरं पळवू लागली, मारामाऱ्या वाढल्या. फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रूनच्या खोऱ्यात त्यांनी कहून कुळाची मोठी कत्तल केली. ती कत्तलच होती, तिच्यावर पांघरूण घालू नये.

पण शिक्षा काय झाली पाहा. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडची गादी घ्यायला एडिंबराहून निघाला ५ एप्रिलला. त्याच्या दोनच दिवस आधी, ३ एप्रिलला, हुकूम निघाला: मॅकग्रेगर हे नाव लावायचं नाही, लावाल तर देहदंड. गुन्हा ठरला तो नावाचा! कुळाचा प्रमुख अ‍ॅलिस्टर जानेवारी १६०४ मध्ये एडिंबरात फासावर गेला. पुढे चारपेक्षा जास्त जणांनी एकत्र जमायलाही बंदी झाली. ग्लेन फ्रूनच्या लढाईत असलेल्यांना हत्यार म्हणून टोक नसलेली सुरी तेवढी बाळगता येई, तीही जेवताना अन्न कापायला.

लोकांनी मग मिळेल ते नाव घेतलं. कोणी मरे, कोणी ड्रमंड, कोणी ग्रँट, आणि कोणी चक्क कॅम्पबेल. याच कुळातल्या प्रसिद्ध रॉब रॉयनेही आईचं माहेरचं कॅम्पबेल हेच नाव वापरलं. १६६१मध्ये बंदी उठली, १६९३मध्ये पुन्हा आली, आणि कायमची गेली ती १७७४ साली. त्यानंतर कुळाचा प्रमुख कोण, हे ठरवायला ८२६ जणांनी सह्या केल्या. त्यांनी निवडलेला माणूस बंगालात ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत नोकरी केलेला जॉन मरे. त्याचंही आडनाव उसनंच होतं.

मला मात्र या इतिहासात एक बाई सारखी आठवते. बंदीच्याही आधी, १५७० साली, ग्लेनस्ट्रेच्या ग्रेगरचा शिरच्छेद झाला. त्याची बायको कॅम्पबेलांची लेक. मारणारे तिच्याच माहेरचे. नवऱ्यासाठी केलेला तिचा विलाप म्हणून एक गेलिक गाणं सांगितलं जातं. त्यात ती मांडीवरच्या बाळाला जोजवत ग्रेगरला हाका मारते. ते गाणं आजही तिथे अंगाई म्हणून गातात.