गुळण्यांच्या औषधाचे घरातील इतर उपयोग

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला हा विषय दिला तेव्हा आमच्या घरी सगळे हसले. पण विषय निघाला तो खऱ्या अडचणीतून. मागच्या बैठकीत सहज विचारणा केली, तेव्हा जमलेल्यांपैकी बहुतेकींच्या घरी एकेक अर्धी बाटली पडून असल्याचे कळले. कुणाची दाढ काढली तेव्हाची, कुणाची 2020 सालच्या कोरोनातली, तर कुणाच्या सुनेने पुण्याहून आणलेली. टाकून द्यायला जीव होत नाही आणि वापरावी कशाला ते सुचत नाही. नांदेडला शाळेत मी पुष्कळ वर्षे विज्ञान शिकवले, आणि लातुरात राहायला आल्यावरही शिकवण्याची खोड गेली नाही, म्हणून हे काम माझ्याकडे आले असावे.

प्रथम एक गोष्ट. या सगळ्या बाटल्या एका जातीच्या नव्हेत. एक असते ती ओव्याच्या व पुदिन्याच्या वासाची, तोंडाला झोंबणारी. दुसरी दंतवैद्य लिहून देतात ती, क्लोरहेक्सिडीनची. तिसरी तपकिरी रंगाची, पोव्हिडोन आयोडीनची, घसा धरला की वापरतात ती. एकीचे काम दुसरीकडून होत नाही, आणि एकीचा डाग दुसरीला पडत नाही. म्हणून कपाटातली बाटली आधी उजेडात आणून तिच्यावरचा कागद वाचावा.

झोंबणाऱ्या बाटलीचा इतिहास मोठा मौजेचा आहे. 1865 साली ग्लासगो शहरात जोसेफ लिस्टर नावाचे शस्त्रवैद्य होते. त्या काळी हाड मोडून जखम उघडी पडली की ती हमखास चिघळे आणि पाय कापावा लागे. लिस्टर यांनी ऐकले होते की कार्लाइल गावी गटाराच्या मैल्यावर कार्बोलिक आम्ल टाकतात आणि मग घाण मारत नाही. त्यांनी तेच द्रव्य गाडीखाली पाय सापडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर बांधले. जखम चिघळली नाही, पाय वाचला. पुढे 1879 साली अमेरिकेत एका डॉक्टरने ओव्याचे सत्त्व, निलगिरी, पुदिना वगैरे मिसळून जखमा धुण्याचे औषध केले आणि लिस्टर यांच्या नावावरून त्याला लिस्टरीन म्हटले. ते जखमेला लावीत, फरशीलाही लावीत. तोंडात घेण्याची टूम मागाहून निघाली. म्हणजे पाहा, जंतुनाशकाची कल्पना गटारातून दवाखान्यात आली, दवाखान्यातून तोंडात गेली, आणि आता आपण ती पुन्हा मोरीत न्यायला निघालो आहोत! याच औषधाने सर्दी-पडसे टळते अशी जाहिरात तिकडे अनेक वर्षे चालली होती. 1975 साली तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने, हे खरे नाही असे तुमच्याच जाहिरातीत छापा, म्हणून कंपनीला हुकूम केला. तेव्हा बाटलीवरचा कागद वाचा म्हणते, पण जाहिरात वाचताना जरा हात राखूनच विश्वास ठेवा.

ओव्याचे सत्त्व हे काही आपल्याला परके नाही. ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि कापूर हे तीन कोरडे पदार्थ एका बाटलीत घालून ठेवले की आपोआप पाणी होते. तीच आपली अमृतधारा. मी वर्गात हा प्रयोग करून दाखवीत असे. मुले डोळे विस्फारून बघत. मात्र तान्ह्या मुलांना त्यातला थेंबही देऊ नये. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात.

आता उपयोग. झोंबणारे औषध दातांचे ब्रश ठेवण्याच्या पेल्यात झाकणभर घालून ब्रश पंधरा-वीस मिनिटे बुडवावेत व धुऊन घ्यावेत. कचऱ्याच्या डब्याच्या तळाशी कापसाचा बोळा भिजवून ठेवला तर कुबट वास पुष्कळ कमी होतो. लसूण सोलून झाल्यावर हाताला चोळले तर वास दबतो. फुलदाणीच्या पाण्यात चमचाभर घातले तर पाणी लवकर कुजत नाही. फुले दुप्पट दिवस टिकतात असे सांगतात, ते मात्र मला काही दिसले नाही. याने घरभर फरशी पुसावी असेही कुणी सुचवते. भगिनींनो, त्या किमतीत फिनेलच्या किती बाटल्या येतील! मुदत उलटून गेलेली बाटली असेल तर ती मोरीत ओतावी, तेवढेच मोरीचे भाग्य.

काही उपयोग मात्र करूच नयेत. मुलींच्या डोक्यातल्या उवांसाठी हे लावू नका. त्यात पुष्कळदा मद्यार्क असतो. डोळ्यात गेले तर आग होते आणि चुलीजवळ पेटही घेईल. बारीक फणी आणि आठ-पंधरा दिवसांची चिकाटी, उवांना तेच खरे. कूलरच्या टाकीतही ओतू नका. आपल्याकडे उन्हाळा चार महिने, कूलर घरोघर. टाकीला वास येतो कारण पाणी बदललेले नसते. आठवड्यातून एकदा टाकी उपसून, घासून कोरडी करा, म्हणजे वासही जातो आणि डेंग्यूचे डासही होत नाहीत. पावसाळ्यात पायाला चिखल्या झाल्या तर पाय कोरडे ठेवणे हा पहिला उपाय. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर पाय कशातही भिजवत बसू नये, सरळ डॉक्टरांना दाखवावेत. आणि कोणतेही औषध ब्लीचिंग पावडरीत किंवा संडासाच्या ॲसिडात मिसळू नका. क्लोरहेक्सिडीन सांडलेल्या पांढऱ्या कापडाला ब्लीच लावले की तपकिरी डाग पडतो, तो निघत नाही.

याच क्लोरहेक्सिडीनविषयी आणखी एक. पेस्टने दात घासल्याबरोबर त्याची गुळणी केली तर पेस्टमधला साबण त्याला निकामी करतो. मध्ये अर्धा तास जाऊ द्यावा. नंतर पाण्याने चूळ भरायची नसते. 2016 साली मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींनी आलेले पाणी प्यायलेल्या या गावात, चूळ न भरण्याचे महत्त्व मी वेगळे सांगायला नको! आणि साध्या घसादुखीला कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरते.

आता तपकिरी बाटली. माझ्या मते सर्वांत कामाची हीच. आयोडीनचा थेंब पिठुळ पदार्थावर पडला की तो निळा-काळा होतो. सरकारचे अन्न सुरक्षा खातेही घरी भेसळ ओळखण्यासाठी हीच परीक्षा सांगते. दिवाळीला खवा आणला की त्यातला सुपारीएवढा तुकडा थोड्या पाण्यात उकळा, पूर्ण थंड होऊ द्या, आणि दोन-तीन थेंब टाका. पाणी पिवळट-तपकिरी राहिले तर पीठ नाही. निळे झाले तर खव्यात पीठ किंवा साबुदाणा घातला आहे असे समजा. थंड झाल्याखेरीज थेंब टाकू नका, गरम पाण्यात रंग उमटत नाही. पनीर आणि दूध यांनाही हीच रीत. कुंथलगिरीचा खवा आपल्या मराठवाड्याचे नाव राखून आहे. त्याच्या नावावर कुणी पिठाचा गोळा विकू नये एवढी नजर आपण बायकांनी ठेवलीच पाहिजे. तपासलेला तुकडा मात्र फेकून द्यायचा. साडीवर आयोडीनचा डाग पडला तर त्यावर लिंबाचा रस चोळा, नाहीतर क जीवनसत्त्वाची गोळी पाण्यात विरघळवून लावा, डाग डोळ्यांदेखत फिका होतो. थायरॉईडचा विकार असणाऱ्यांनी या औषधाच्या गुळण्या विचारल्याशिवाय करू नयेत.

शेवटी ज्या उपयोगाची मला खरी काळजी वाटते तो. घरातल्या माणसांपासून वास लपवायचा म्हणून हे औषध वापरले जाते. आपल्यातल्या कितीजणी सकाळी मिश्री लावतात हे मी इथे विचारणार नाही. तंबाखू भाजून केलेली असली तरी ती तंबाखूच. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 सालापासून बंदी आहे, तरी नातवांच्या खिशात पुड्या सापडतातच. जगात तोंडाचा कर्करोग होणाऱ्या दर तिघांत सुमारे एक आपल्या देशातला असतो. वास लपतो, भगिनींनो, पण गालाच्या आतला पांढरा चट्टा लपलेला राहतो आणि वाढतो. म्हणून महिन्यातून एकदा आरशापुढे उजेडात तोंड उघडून बघा. गालाच्या आत, जिभेच्या कडेला, जिभेखाली. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारे तोंड आलेले, किंवा उभी तीन बोटे मावत नाहीत इतके तोंड आखडणे, यांपैकी एक जरी दिसले तरी बाटली ठेवून द्या आणि दंतवैद्याकडे जा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला ते दुखत नसते. एकटीला जायला संकोच वाटत असेल तर मी बरोबर येईन.

मागच्या टेबलावर तीन बशा ठेवल्या आहेत. एकीत खवा, दुसरीत साबुदाण्याचे पाणी, तिसरीत नुसते पाणी. बाटली आणि ड्रॉपरही आहे. चहा होईपर्यंत ज्यांना थेंब टाकून बघायचे असेल त्यांनी यावे, मुलांनाही आणावे. मात्र बाटली माझ्या हाती राहील.