न मागितलेली गाणी

गाण्यांच्या कार्यक्रमांचे आपल्याकडे दोन ठरलेले प्रकार. एक फर्माइशीचा, 'आपली आवड'सारखा. पत्र लिहायचं, त्यात आपल्याबरोबर शेजारपाजाऱ्यांचीही नावं घालायची आणि गाण्याची वाट पाहायची. दुसरा 'बिनाका गीतमाला'सारखा, कोणतं गाणं या आठवड्यात कितव्या पायरीवर पोचलं ते सांगणारा. दोन्हींत गाणं ओळखीचंच असतं. मी आज बोलणार आहे ते तिसऱ्या प्रकाराबद्दल. कुणी मागितलेली नाहीत, कुणी ऐकलेलीही नाहीत अशी गाणी रात्रीमागून रात्री लावत राहिलेल्या एका इंग्रज निवेदकाबद्दल. त्यांचं नाव जॉन पील.

पील यांचा जन्म १९३९ चा, लिव्हरपूलजवळचा. तरुणपणी अमेरिकेत गेले, तिथल्या नभोवाणी केंद्रांवर रमले आणि १९६७ मध्ये परतले. त्या वेळी इंग्लंडच्या किनाऱ्याबाहेर जहाजं नांगरून विनापरवाना केंद्रं चालवली जात. त्यांतल्या 'रेडिओ लंडन'वर ते मध्यरात्रीनंतरचा कार्यक्रम करू लागले. त्याच वर्षी सरकारनं कायदा करून ही जहाजं बंद पाडली आणि सप्टेंबरअखेर बीबीसीनं तरुणांसाठी 'रेडिओ वन' सुरू केलं. पील तिथं आले आणि २००४ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सदतीस वर्षं, तिथंच राहिले.

आता एक गंमत ऐका. पील यांच्या कार्यक्रमाची सगळ्यात मोठी पुण्याई एका जाचक अटीतून आली. ब्रिटनमध्ये तबकड्या काढणाऱ्या कंपन्या आणि वादकांची संघटना यांनी बीबीसीवर बंधन घातलं होतं की, बाजारात मिळणाऱ्या तबकड्या दिवसातून ठरावीक तासच वाजवायच्या. याला 'नीडल टाइम' म्हणत, सुईचा वेळ. सतत तबकड्याच वाजल्या तर वादकांना काम कोण देणार आणि तबकड्या विकत कोण घेणार, अशी ती भीती. अट १९८८ पर्यंत टिकली. उरलेला वेळ भरायचा कसा? तर कलावंतांना स्टुडिओत बोलवायचं, मानधन द्यायचं आणि गाणी नव्यानं ध्वनिमुद्रित करायची.

इतरांनी ही वेळ निभावून नेली. पील आणि १९६९ पासून त्यांचे निर्माते असलेले जॉन वॉल्टर्स यांनी तिचं सोनं केलं. लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत एखादा नवखा संच यायचा, बहुधा चार गाणी एका दिवसात वाजवून, मिश्रण करून द्यायचा आणि काही दिवसांनी ती देशभर ऐकू जायची. तबकडी निघालेली असलीच पाहिजे, अशी अट नव्हती. ज्या पोरांनी तोवर मित्राच्या गॅरेजमध्येच वाजवलं होतं, त्यांना अनुभवी ध्वनिमुद्रक आणि चांगले मायक्रोफोन मिळत, वर पैसेही. दोन हजारांहून अधिक कलावंतांची चार हजारांवर सत्रं अशी जमली. 'द फॉल' नावाच्या मँचेस्टरच्या एकाच संचाची चोवीस!

मोठ्या कंपन्यांच्या वाऱ्याला न जाता स्वतःच्या किंवा एखाद्या छोट्या दुकानदाराच्या खर्चानं निघणारं संगीत, ते 'इंडी'. इंडिपेंडंटचं लाडाचं रूप. १९७८ मध्ये उत्तर आयर्लंडच्या डेरी गावातल्या 'द अंडरटोन्स' या पोरांची 'टीनेज किक्स' ही तबकडी बेलफास्टच्या 'गुड व्हायब्रेशन्स' या रेकॉर्डच्या दुकानानं काढली. पील यांनी ती लावली, आणि संपताच पुन्हा लावली. एका अमेरिकी कंपनीच्या मालकानं ते प्रसारण ऐकलं आणि पोरांशी करार झाला. पील यांच्या कबरीवर आज याच गाण्यातली एक ओळ कोरलेली आहे.

पण पील म्हणजे गिटारवाल्यांचा पाठीराखा, एवढंच नव्हे. १९७३ मध्ये जर्मनीच्या 'टँजरीन ड्रीम'ची 'आटेम' ही इलेक्ट्रॉनिक तबकडी त्यांनी वर्षातली सर्वोत्तम ठरवली, तेव्हा ती इंग्लंडात आयात करूनच मिळत होती. तिथून व्हर्जिन कंपनीशी करार झाला आणि पुढच्या वर्षी त्यांची 'फेड्रा' ब्रिटनच्या पहिल्या वीस तबकड्यांत जाऊन बसली. पुढं नव्वदच्या दशकात एफेक्स ट्विन, 'बोर्ड्स ऑफ कॅनडा' या संगणक-सिंथेसायझरवाल्यांनाही याच कार्यक्रमात सत्रं मिळाली. मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही, की पन्नाशी उलटल्यावरही या माणसाचं कुतूहल आटलं नाही. आपल्या तारुण्यातलं तेच खरं संगीत, हा रोग आपल्यापैकी बहुतेकांना तिशीतच जडतो.

याला कष्टही होते. टपालानं पोत्यांनी कॅसेटी आणि तबकड्या येत. घरी, सफोकमधल्या खेड्यात, आणि लंडनच्या वाटेवर गाडीत त्यांचं ऐकणं चालू असे. तरी दर वेळी लगेच फळ येई असं नाही. शेफील्डच्या जार्व्हिस कॉकर या मुलानं १९८१ मध्ये त्यांच्या हातात टेप दिली. त्याच्या 'पल्प' या संचाला सत्र मिळालं, शाळकरी पोरं हरखली. नंतर? पुढचं सत्र बारा वर्षांनी, १९९३ मध्ये, आणि खरं यश १९९५ साली. त्या पहिल्या सत्रानं पैसा दिला नाही की कीर्ती टिकवली नाही; पण अठराव्या वर्षी कुणीतरी आपल्याला गंभीरपणे घेतलं, हे बळ थोडं नसतं.

कुणी विचारील, एवढ्या लोकांचं नशीब एका माणसाच्या आवडीवर टांगलेलं असणं बरं का? प्रश्न रास्त आहे. त्यांच्या कानाला जे रुचलं नाही, ते दारातच राहिलं असणार. शिवाय पील काही निर्दोष निवेदक नव्हते; भलत्याच गतीवर तबकडी लावण्याबद्दल ते प्रसिद्धच होते. पण आज ही निवड मोबाइलमधलं गणित करतं, आणि ते मुख्यतः तुम्ही काल काय ऐकलंत त्यावरून उद्याचं ठरवतं. फर्माइशीचंच ते नवं रूप, फक्त पत्र लिहायचे कष्ट वाचले. पील यांच्या तासात झिम्बाब्वेच्या गिटारींमागून कर्कश पंक आणि त्यामागून जुनं ब्लूज येई. तीनपैकी दोन गाणी आवडत नसत, आणि तिसऱ्यासाठी माणसं रात्री जागत.

असा माणूस नसला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. भैरवी, ललत, यमन, मालकंस असे दहा राग. आणि साथीला जपानच्या रोलँड कंपनीचा सिंथेसायझर, तालयंत्र आणि बेसची साथ देणारं एक छोटं यंत्र. त्या बेसयंत्राचे पिळदार आवाज पुढं शिकागोच्या तरुणांनी वापरले, १९८७ मध्ये त्यांची पहिली गाजलेली तबकडी निघाली आणि त्या संगीताला 'अ‍ॅसिड हाउस' हे नाव पडलं. चरणजित सिंग यांनी त्याच यंत्रावर पाच वर्षं आधी राग वाजवले होते. तबकडी फारशी खपली नाही.

२००२ मध्ये एका डच संग्राहकाला ती दिल्लीतल्या एका दुकानात सापडली. २०१० मध्ये ती नव्यानं निघाली आणि सत्तरीतल्या चरणजित सिंग यांना युरोपातून कार्यक्रमांची बोलावणी येऊ लागली. त्यांनी ती स्वीकारली, तीच जुनी यंत्रं मांडून परदेशी तरुणांसमोर राग वाजवले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. मधल्या वर्षांत ते लग्न-समारंभांतही वाजवत असत.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)